बंदिनीला जामीन कोण?

आपल्या फौजदारी कायद्यात स्त्रियांचे फार लाड चालले आहेत, अशी तक्रार हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार कानी येते. तक्रार करणारे सज्जन बहुधा कायद्याचे जाणकार असतात आणि त्यांच्यापाशी दाखल्यांची वाण नसते. ते म्हणतात, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला सहसा अटक करता येत नाही. पुरुष शिपायाने तिच्या अंगाची झडती घ्यावयाची नाही. ज्या अपराधाला देहान्त शिक्षा सांगितली आहे त्या अपराधातही, आरोपी स्त्री आहे एवढ्याच कारणावरून न्यायाधीशाला तिला जामिनावर सोडता येते. फाशीची शिक्षा झालेली स्त्री गर्भवती आढळली तर उच्च न्यायालयाला ती शिक्षा जन्मठेपेत बदलावी लागते. १८६० सालची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीला नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली, तरी ह्या सवलती कायम राहिल्या. मग समानतेचा डांगोरा पिटणाऱ्यांनी आणखी मागावे तरी काय?

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तरही तसेच दिले पाहिजे. ह्या सवलती खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्या पुस्तकात आहेत, आणि एखाद्या सहृदय न्यायाधीशाच्या हातून त्यांचा लाभ काही अभागिनींना झालाही आहे. परंतु पुस्तकातील दया बंदिनीपर्यंत पोहोचावयाची तर वाटेत एक उंबरठा लागतो, आणि तो घराचा उंबरठा असतो. स्त्रीच्या अपराधात घर सामील असते. तिच्या खटल्यात घर साक्षीदार असते. आणि तिच्या सुटकेची वेळ आली म्हणजे जामीनदार म्हणून पुन्हा घरच लागते. एकाच पक्षाकडे ह्या तिन्ही भूमिका सोपविणारी पद्धत पुरुषांच्या बाबतीत कोणत्याही वकिलाने एक दिवस चालू दिली नसती. स्त्रियांच्या बाबतीत ती दीडशे वर्षे चालली आहे, आणि तिलाच आपण दाक्षिण्य असे गोड नाव दिले आहे.

प्रथम अपराधाकडे पाहू. १८८१ साली सुरतेच्या सत्र न्यायालयापुढे विजयालक्ष्मी नावाची एक ब्राह्मण विधवा उभी राहिली. वैधव्यात झालेले मूल तिने मारले असा तिच्यावर आरोप होता. तो शाबीत होऊन तिला फाशी सांगण्यात आली. मुंबईच्या उच्च न्यायालयात फाशीचे जन्माचे काळे पाणी झाले, आणि पुढे सरकारने ती शिक्षा पाच वर्षांवर आणली. ह्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर जी आग पाखडण्यात आली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यास प्रसिद्ध केले, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. ताराबाईंच्या संतापाचे मर्म मात्र अजून आपल्या अंगी मुरलेले दिसत नाही. मूल काही एकट्या विधवेचे नव्हते. पण त्या मुलाच्या बापावर खटला होण्यासारखाच नव्हता, कारण विधवेला गर्भवती करून निघून जाणे हा दंडसंहितेप्रमाणे अपराध नव्हता. मूल जगले असते तर ज्या जगाने तिला केशवपनापेक्षाही घोर अशा जिवंत मरणात लोटले असते, त्या जगालाही आरोपीच्या पिंजऱ्यात जागा नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण इथे पुरेशी लागू पडत नाही हे खरे. कारण संन्यासी निरपराध असतो, आणि विजयालक्ष्मी तशी नव्हती. परंतु चोर सुटला, एवढा भाग तर अक्षरशः खरा आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास ह्या ठिकाणी जॉर्ज एलियटची ‘ॲडम बीड’ ही १८५९ सालची कादंबरी आठवल्यावाचून राहत नाही. तिच्यातील हेटी सॉरेल ही शेतकऱ्याघरी वाढलेली पोर जमीनदाराच्या नातवाकडून फसते, जन्मलेले मूल रानात टाकून जाते, आणि त्या मुलाच्या हत्येबद्दल तिला फाशीची शिक्षा होते. ऐन वधस्तंभाच्या वाटेवर तोच जमीनदाराचा नातू घोडा फेकीत येतो आणि जीवदानाचा कागद आणून देतो; हेटीची फाशी टळून तिला सातासमुद्रापार धाडण्यात येते. हा प्रसंग आम्ही कितीतरी वर्षे वर्गात शिकविला आणि मुलामुलींचे डोळे भरून आलेले पाहिले. परंतु त्या अश्रूंच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. ज्याने त्या पोरीला दोरापर्यंत पोहोचविले, त्याच्याच हाती दयेचा कागद आहे! तो आला म्हणून ती वाचली. तो न येता तर मेली असती. कादंबरीकर्त्रीने दयेचे जे चित्र काढले आहे ते आपल्या आजच्या जामीनपद्धतीचेही हुबेहूब चित्र आहे, आणि त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

इंग्लंडने निदान ह्या एका बाबतीत पुढे आपला कायदा सुधारला. १९२२ साली तेथील पार्लमेंटने असे ठरविले की, बाळंतपणाच्या परिणामातून सावरण्यापूर्वी, चित्ताचा तोल गेलेल्या स्थितीत आईच्या हातून नवजात अर्भक मारले गेले, तर तो खून समजावयाचा नाही. त्याहून हलका अपराध समजावयाचा. १९३८ साली ही मर्यादा मुलाच्या पहिल्या वर्षापर्यंत वाढविण्यात आली. आपल्याकडे काय झाले? आपल्या संहितेत जन्म लपविण्यासाठी अर्भकाचे प्रेत गुपचूप पुरण्याबद्दल निराळे कलम आहे. बारा वर्षांखालील मूल उघड्यावर टाकून देण्याबद्दल निराळे कलम आहे. पण प्रसूतीच्या त्या भयंकर दिवसांत सापडलेल्या आईसाठी निराळे कलम नाही. संपूर्ण वेड शाबीत करता आले तर गोष्ट वेगळी. नाही तर ती खुनीच, आणि पुढचे सारे न्यायाधीशाच्या अंतःकरणावर. २०२३ साली संहिता नव्याने लिहिण्याची संधी आली होती. कलमांचे क्रमांक बदलले, नावे बदलली. ही उणीव मात्र जशीच्या तशी नव्या पुस्तकात उतरली. हेटीसाठी आपण रडतो आणि विजयालक्ष्मीला तुरुंगात ठेवतो. अशा रसिकतेचा उपयोग काय?

दुसरा प्रकार विहिरीचा. सासरच्या जाचाला, नवऱ्याच्या दारूला किंवा निव्वळ उपासमारीला विटलेली बाई पोरांना पोटाशी घेऊन विहिरीत उडी टाकते, ही बातमी महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्याला अपरिचित नाही. ती पोरांसह मेली तर चार दिवस हळहळ होते. पण ती वाचली आणि पोरे गेली, तर? तर ती आपल्या लेकरांची खुनी ठरते, आणि ज्यांच्या छळाने ती काठापर्यंत गेली तेच तिच्याविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहतात. अशाच एका खटल्यात १९८९ साली मद्रास उच्च न्यायालयाने मोठा विचारी निर्णय दिला. तमिळ लोककथेत नल्लतंगाळ नावाच्या दुर्दैवी स्त्रीने आपली सात मुले विहिरीत टाकून स्वतःही उडी घेतली, असे सांगतात. त्या कथेचा आधार घेऊन न्यायमूर्तींनी म्हटले की, मनुष्याला क्षोभ होतो तो एका क्षणातच होतो असे नाही. वर्षानुवर्षे साचत गेलेला क्षोभही क्षोभच होय. त्या स्त्रीचा अपराध खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरला. हा निर्णय ज्या अपवादाच्या आधारे दिला गेला त्याचे शब्द मात्र आजही ‘गंभीर आणि आकस्मिक’ क्षोभ असेच आहेत.

ह्या ‘आकस्मिक’ शब्दात सारे पौरुष साठविलेले आहे. अंगात बळ असलेल्या मनुष्याचा राग आकस्मिक असतो. तो तत्क्षणी हात उगारू शकतो, कारण उलट मार बसण्याची त्याला भीती नसते. दुबळ्याचा राग थांबतो, वाट पाहतो, रात्र होण्याची आणि मारणारा झोपण्याची वाट पाहतो. कायद्याच्या तराजूत पहिला राग माणुसकीला धरून ठरतो, आणि दुसरा थंड डोक्याने रचलेला कट ठरतो. विलायतेत किरणजीत अहलुवालिया ह्या पंजाबी स्त्रीने दहा वर्षे मार खाल्ल्यावर १९८९ साली निजलेल्या नवऱ्याला पेटविले. प्रथम तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९९२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि ती त्याच वर्षी सुटली. २००९ साली तेथील कायद्यानेच क्षोभाचे जुने कलम काढून टाकले, आणि आत्मसंयमन सुटणे हे आकस्मिकच असले पाहिजे असे नाही, अशी स्पष्ट तरतूद केली. आपण मात्र १८६० सालचा शब्द २०२३ साली पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

आणि समाजाची दया कोणाकडे धावते, हेही एकदा पाहून घ्यावे. १९५९ साली मुंबईत नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरास गोळ्या घालून ठार केले. ज्यूरीने आठास एक अशा मताने त्यांना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली जन्मठेप कायम केली. म्हणजे न्यायासनाने आपले काम चोख केले. पण मुंबईचे लोकमत, एक मोठे साप्ताहिक आणि प्रतिष्ठितांचे वर्तुळ त्यांच्यामागे उभे राहिले, व १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. नानावटींविषयी आमच्या मनात द्वेष नाही. आम्ही इतकेच विचारतो की, लज्जित झालेल्या नवऱ्यासाठी जे शहर रस्त्यावर आले, ते मार खाणाऱ्या बायकोसाठी कधी आले आहे काय? पुरुष अपराधी झाला म्हणजे त्याचे घर, त्याची जात, त्याचा स्नेहवर्ग त्याच्याभोवती कोट करून उभा राहतो. स्त्री अपराधी झाली म्हणजे पहिला दरवाजा तिच्या घराचा बंद होतो.

हेच आपल्या विषयाचे मुख्य सूत्र, आणि ते सुटकेच्या वेळी जितके उघडे पडते तितके दुसऱ्या कोठेही पडत नाही. तुरुंगाच्या मुलाखतीच्या खिडकीशी जाऊन कोणीही पाहावे. पुरुष कैद्यासाठी आई येते, बायको येते, बहीण डबा घेऊन येते; कच्च्या कैद्याची बायको दागिना गहाण टाकून वकिलाची फी भरते. स्त्री कैद्यासाठी कोण येते? नवरा आला तर तो बहुधा दुसरा घरोबा केल्याचे सांगावयास येतो. भाऊ आपल्या मुलींच्या लग्नाची चिंता सांगतो. ह्या माणसांना दुष्ट म्हणून भागत नाही. त्यांना समाजाने असेच शिकविले आहे की तुरुंगात गेलेला मुलगा संकटात सापडलेला असतो, आणि तुरुंगात गेलेली मुलगी बाटलेली असते.

आता ह्या स्त्रीला न्यायालयाने मोठ्या उदारपणे जामीन दिला असे समजा. जामीन मंजूर होणे आणि तुरुंगाचे दार उघडणे ह्यांच्या मधला रस्ता कसा असतो? जामीनदार पाहिजे. त्या जामीनदाराचा सातबाराचा उतारा पाहिजे, नाही तर घरपट्टीची पावती पाहिजे. त्याची शिधापत्रिका पाहिजे. प्रसंगी तहसील कचेरीतून आणलेला ऐपतीचा दाखला पाहिजे. शेत कोणाच्या नावावर असते? घर कोणाच्या नावावर असते? बहुतेक घरांत पुरुषाच्या, हे सांगण्यास खानेसुमारी नको. म्हणजे कायदा म्हणतो, ‘बाई, तू स्त्री आहेस म्हणून तुला सोडतो’. आणि लागलीच दुसऱ्या तोंडाने म्हणतो, ‘मात्र एखादा पुरुष घेऊन ये.’ आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ह्याहून ही निराळी गोष्ट नव्हे. ज्या नवऱ्याच्या खुनाचा आरोप तिच्यावर आहे त्याच्याच भावाकडे, किंवा ज्या सासूने फिर्याद दिली तिच्याच मुलाकडे, ऐपतीचा दाखला असतो!

न्यायालयांना हे ठाऊक नाही असे नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून भारी रकमेचा आणि त्याच जिल्ह्यातला जामीनदार मागण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग दाखविला. त्याच न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे १९८७ साली स्त्री कैद्यांविषयी सविस्तर अहवाल सादर केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मंजूर होऊन एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तिच्यात कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदतीची सोय करण्यात आली. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, ह्याचा अर्थ पहिल्यांदा सांगितली तेव्हा कोणी ऐकली नाही. देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन जण आजही कच्चे कैदी आहेत. त्यांचा अपराध अजून शाबीत व्हावयाचा आहे.

शिक्षा झालेल्या बंदिनीची अवस्था ह्याहून बरी आहे काय? पक्क्या कैद्याला काही काळ शिक्षा भोगल्यावर संचित रजा मिळते. महाराष्ट्राच्या १९५९ सालच्या नियमांत ह्या रजेसाठी अशी अट घालण्यात आली की, कैद्याला ठेवून घेण्यास तयार असलेला आणि हमीपत्र लिहून देणारा नातलग असला पाहिजे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुष कैदी होता, आणि त्याच्या गावी त्याची वाट पाहणारे घर होते. घराने टाकलेल्या बाईला हाच नियम लागू केला की तिची रजा कागदावर राहते आणि ती बराकीत राहते. नियमाच्या शब्दांत स्त्री-पुरुष हा भेद कोठेही नाही. भेद जगात आहे, आणि नियमाने तो निमूटपणे पत्करला आहे.

घर आणि तुरुंग यांच्यातील ही देवाणघेवाण जुनी आहे. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले की, नवऱ्याच्या घरी नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या मानी स्त्रीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे १८८८ साली तडजोड झाली म्हणून तो प्रसंग टळला. वैवाहिक हक्कांच्या हुकुमनाम्यासाठी स्त्रीला कैद करण्याची ही तरतूद १९२३ साली रद्द झाली. पण वृत्ती गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ राहिला. १९७९ साली हुसैनआरा खातून यांच्या नावाने गाजलेल्या प्रकरणात बिहारच्या तुरुंगांची दशा सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा असे उघडकीस आले की कित्येक स्त्रिया कसलाही अपराध नसता, ‘संरक्षणा’च्या नावाखाली तुरुंगात ठेवलेल्या होत्या. कोणी अत्याचाराला बळी पडलेली, कोणी साक्षीसाठी लागणारी. घरी नेणारे कोणी नाही म्हणून तुरुंग! न्यायालयाने त्यांना तत्काळ बाहेर काढून आश्रयगृहांत पाठविण्यास सांगितले. ज्या देशात बेघर स्त्री आणि अपराधी स्त्री ह्यांतील अंतर इतके पुसट होऊ शकते, तेथे कायद्याच्या दाक्षिण्याच्या गोष्टी बोलताना आपली जीभ थोडी तरी अडखळली पाहिजे.

ह्यावर घेतले जाणारे आक्षेप आता पाहू. पहिला आक्षेप संख्येचा. २०२२ सालाच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांत स्त्रिया २३,७७२; म्हणजे शेकडा चारांहून किंचित अधिक. एवढ्या अल्प संख्येसाठी केवढा हा आक्रोश, असे व्यवहारी लोक विचारतात. आमचे म्हणणे उलट आहे. संख्या अल्प आहे म्हणूनच ह्या प्रश्नाची सोडवणूक अवघड नाही. पाच लाखांची व्यवस्था बदलणे कठीण, चोवीस हजारांची बदलणे त्या मानाने सोपे. आणि ह्या चोवीस हजारांबरोबर त्यांची लेकरे आहेत. त्याच वर्षाच्या सरकारी आकड्यांप्रमाणे १,५३७ बंदिनींजवळ १,७६४ मुले तुरुंगातच राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ ठेवता येईल, त्याच्यासाठी पाळणाघर असावे, आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव घालू नये. ही आज्ञा फार कोवळ्या मनाने दिलेली आहे. पण सहा वर्षे पूर्ण झालेल्या दिवशी ते मूल कोठे जाते? पुन्हा त्याच घराकडे, ज्याने आईला टाकले. ते घर नको म्हणाले तर अनाथालयाकडे. आईच्या शिक्षेची मुदत निदान निकालपत्रात लिहिलेली असते.

दुसरा आक्षेप सासूचा. हुंड्यासाठी सून जाळणाऱ्या सासवा तुरुंगात आहेत. त्यांचा कळवळा आम्हांस येतो काय, असे विचारले जाते. येतो, पण निराळ्या अर्थाने. त्यांना सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. ज्या स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला जाळले तिने शिक्षा भोगलीच पाहिजे, आणि ती स्त्री आहे म्हणून एक दिवसही कमी होता कामा नये. पण ह्या खटल्यांतही घराची कामगिरी पाहा. हुंड्याच्या पैशाचा धनी पुरुष, लग्न ठरविणारे पुरुष, आणि चुलीपाशी सुनेला गाठण्याचे हलके काम मात्र सासूकडे सोपविलेले! घर आपला हुकूम बायकांच्या हातून बजावते. ती गुन्हेगार आहे. पण तिच्यामागे उभा असलेला गुन्हेगार पुष्कळदा ऐपतीचा दाखला खिशात घालून मोकळा हिंडतो.

तिसरा आक्षेप ‘शास्त्रीय’ म्हणून मिरवतो. स्त्री बिघडली की पुरुषाहून वाईट बिघडते, असे आपल्याकडे आजीबाईही म्हणतात आणि इटलीच्या लोंब्रोझो ह्या पंडितानेही १८९३ साली आपल्या जावयाच्या साहाय्याने असा मोठा ग्रंथच रचला. कवट्या मोजून त्याने ठरविले की अपराधी स्त्री ही दुहेरी अपवाद, म्हणून दुहेरी राक्षसी. कवट्यांचे ते शास्त्र केव्हाच मोडीत निघाले. पण त्याचा निष्कर्ष आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सुखाने नांदतो. पुरुषाने खून केला तर खून ही बातमी होते. स्त्रीने केला तर ती स्त्री ही बातमी होते.

चौथा आक्षेप असा की, जामीनदाराशिवाय सोडल्यास ह्या बायका पळून जातील. पळून जावयास पैसा लागतो, ओळखी लागतात, आसरा देणारी माणसे लागतात. हे सारे ज्यांच्यापाशी आहे ते जामीनदार देऊन राजरोस बाहेर पडतात, आणि त्यांतूनच फरारी होणारेही निघतात. जिला स्वतःच्या गावी कोणी पाणी विचारीत नाही ती पळून कोठे जाणार? तिला बाहेर पाऊल टाकण्याचीच धास्ती असते.

तर मग करावे काय? घराच्या हातून ही किल्ली काढून घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे. जेथे अपराध घरातल्या जाचातून उपजला आहे किंवा फिर्यादी घरचाच आहे, तेथे स्त्रीला तिच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडणे हा नियम असावा, आणि न सोडण्याची कारणे न्यायाधीशाने लिहून द्यावीत. संचित रजेसाठी नातलगाची अट स्त्रियांच्या बाबतीत शिथिल करून आश्रयगृहाची किंवा मान्य संस्थेची हमी पुरेशी मानावी. अर्भकहत्येविषयी इंग्लंडने शंभर वर्षांपूर्वी जे केले ते आपण आता तरी करावे, आणि क्षोभाच्या कलमातील ‘आकस्मिक’ ह्या शब्दाची मगरमिठी सैल करावी. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या कारागृहात कैदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर कामधंदा करून पोट भरतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत निघाली, आणि तिच्यावरून स्फुरलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट सर्वांनी पाहिला आहे. पण ते बारा हात सहा पुरुषांचे. बांगड्यांचे हात असलेली वसाहत आपल्या कल्पनेत अजून पुरेशी उतरलेली नाही.

ह्या सर्व मागण्यांचा पाया पुण्यात केव्हाच घालून ठेवला आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि विधवांना सांगितले की, गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा येथे ठेवा. १८७५ साली पंढरपुरासही असेच एक गृह निघाले. ह्या माणसांनी दया म्हणून काय केले? उच्च न्यायालयाने आणि सरकारने विजयालक्ष्मीला जी दया दाखविली ती अपराध घडून गेल्यावर, फाशीतून काळे पाणी आणि काळ्या पाण्यातून पाच वर्षे अशी उतरत उतरत आली. फुल्यांची दया अपराधाच्या अगोदर पोहोचली, कारण त्यांनी नातलगाची परवानगी मागितली नाही. ज्या स्त्रीला तिचे घर जामीन राहत नव्हते, तिला एक माळ्याचे घर जामीन राहिले.

आज त्या जागी शासनाने उभे राहावयाचे आहे, आणि शासन म्हणजे आपणच. जोपर्यंत ते होत नाही, तोपर्यंत स्त्रियांना कायद्यात फार सवलती आहेत असे कोणी म्हणाले, तर त्याला आम्ही एकच प्रश्न विचारू. तुमच्या गावची, तुमच्या आळीतली एखादी बाई उद्या जामीन मंजूर होऊन तुरुंगाच्या दाराशी अडकली, तर तिच्यासाठी आपला सातबारा घेऊन तुम्ही कचेरीत जाल काय? जाल, तर तुमची तक्रार ऐकून घेण्यास आम्ही तयार आहोत. न जाल, तर तुमच्या सवलती तुमच्यापाशीच असू द्या. बंदिनीला त्यांचा उपयोग नाही.